लघवीची ‘कळ’: दुखण्याची की घाईची?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. महिला मंडळाच्या आरोग्य शिबिरासाठी त्या एक प्रश्नावली मराठीत आणताहेत. मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याबद्दलच्या भागात ‘अर्जन्सी’साठी, म्हणजे लघवीला घाईने जावं लागण्यासाठी, ‘लघवीची कळ’ चालेल का?

माझं मत, एकट्या ‘कळ’वर सोडू नका. शब्द अस्सल आहे, पण दोन अर्थ पोटात घेऊन बसलाय. मस्तकात कळ जाते, बाळंतपणाच्या कळा येतात, तिथे ती वेदना. ‘ठाण्यापासून वाशीपर्यंत कळ दाबून बसले’ यात दुखत असेलच असं नाही, जोराची लागली होती एवढंच. ‘जरा कळ काढ’मध्ये तर नुसता धीर उरतो. (बायकांच्या किती दुखण्यांवर हाच सल्ला मिळालाय!)

आणि इंटरस्टिशियल सिस्टायटिस या मूत्राशयाच्या जुनाट दुखण्याच्या आजारात नेमका हाच फरक मोजायचा असतो. रँड या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या बायकांना फोनवर प्रश्न विचारून, किती जणींना ही लक्षणं आहेत याचा अंदाज बांधला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची व्याख्या अशी: ओटीपोटात दुखणं किंवा दाब, आणि सोबत दिवसातून दहा किंवा जास्त वेळा लघवी, नाहीतर दुखतंय म्हणून लागणारी घाई. कपडे ओले होतील या भीतीची घाई त्यांनी धरली नाही. या व्याख्येत ६.५३ टक्के बायका बसल्या. प्रतिजैविकं घेऊनही त्रास गेला नाही, यासारख्या अटी वाढवल्यावर २.७० टक्के उरल्या. बायका त्याच, व्याख्या बदलली. लक्षणं जुळणाऱ्यांपैकी या आजाराचं निदान झालेल्या जेमतेम ९.७ टक्के होत्या, तेव्हा ‘तुम्हाला हा आजार आहे का?’ असं थेट विचारून काहीच हाती लागत नाही.

‘उन्हाळी लागणे’ हा आपला जुना शब्दही इथे जपून वापरा. तो ऐकला की बाई उष्णता धरते, धण्या-जिऱ्याचं पाणी पिते आणि ‘तसं काही नाही हो’ म्हणून मोकळी होते. वर्षानुवर्षं दुखत असेल तरी ते कागदावर येत नाही.

मी असं विचारेन: ‘लघवी साठत गेली की ओटीपोटात दुखतं का? करून आल्यावर बरं वाटतं का?’ आणि त्याखाली वेगळा प्रश्न: ‘घाईने जावं लागतं ते दुखतं म्हणून, की वाटेतच होईल या भीतीने?’