परतल्यानंतरचा ताप

प्रश्न : मलावीहून परतून माझ्या भावाला सहा आठवडे झाले. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या घेऊनही त्याला ताप येत आहे. तेथील सरोवरात तो पोहलाही होता. हा मलेरिया असेल का?

उत्तर : असू शकतो. गोळ्यांमुळे धोका घटतो, संपत नाही. म्हणून रक्ततपासणी आजच करावी आणि प्रवासाचा उल्लेख डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून करावा. फाल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार) बहुधा परतल्यानंतर तीन महिन्यांच्या आत प्रकटतो व झपाट्याने गंभीर होतो. पहिल्या तपासणीत परजीवी दिसले नाहीत, तरी १२ ते २४ तासांनी ती पुन्हा करावी लागते.

पोहण्याचा तपशील मला अधिक महत्त्वाचा वाटतो. मलावी सरोवरातील गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या शिस्टोसोमा कृमीच्या अळ्या अखंड त्वचेतूनही शरीरात शिरतात आणि काही आठवड्यांनी ताप, खोकला, अंगावर पित्त अशी लक्षणे उद्भवतात. रक्तातील इओसिनोफिल पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) वाढलेल्या असल्यास ही शंका बळावते. मात्र सुरुवातीला प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) चाचणी नकारात्मक येऊ शकते. प्राझिक्वांटेल हे औषध मुख्यतः पूर्ण वाढलेल्या कृमींवरच परिणाम करत असल्याने ते केव्हा द्यावे आणि पुन्हा केव्हा द्यावे, हे तज्ज्ञांनीच ठरवावे.