"पंपाची सवय लागंल की ओ, ताई!"

निपाणीची एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. डॉक्टरांनी दिलेला दम्याचा पंप (इनहेलर) पिशवीत तसाच, सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. "सासूबाई म्हणतात, एकदा पंप लागला की जन्मभर सुटत नाही. आणि दमा म्हाताऱ्यांना होतो की ओ, एवढ्या पोराला कसा?"

मी विचारलं, आतापर्यंत काय देत होता? तिने सिरपची बाटली काढली. मी लेबल वाचून दाखवलं : 5 मिलीमध्ये 2 मिलिग्रॅम साल्बुटामॉल, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध. धाप लागल्यावर घ्यायच्या पंपात तेच औषध, एका दाबात 100 मायक्रोग्रॅम. म्हणजे 5 मिली सिरपमध्ये 20 दाबांचं औषध! ते पोटातून अंगभर फिरतं. पोराचे हात थरथरायचे ते त्यामुळेच. पंपाचं औषध थेट श्वासनळीत जातं, म्हणून थोडक्यात भागतं. त्याची सवय लागत नाही. ती बराच वेळ बाटली हातात फिरवत राहिली.

दमाच कशावरून, ही तिची शंका मात्र रास्त होती. पाच वर्षांखालच्या मुलांना फुंकायची तपासणी नीट जमत नाही. सर्दीत घुरघुरणारं प्रत्येक पोर दम्याचं नसतं. बरीच मुलं शाळेच्या वयापर्यंत बरी होतात. मग तिने कालनिर्णयवर खुणा केल्या : पहाटे खोकला, पळाल्यावर खोकला, हसता हसता खोकला, तोही सर्दी नसताना. तिला स्वतःला लहानपणी इसब होता. हे सगळं बघून डॉक्टरांनी सूज कमी करणारा रोजचा पंप दोन-तीन महिने देऊन बघायचं ठरवलं. फरक पडला तर दम्याच्या निदानाला बळकटी.

सासूबाई घरीच विड्या वळतात. तंबाखूची धूळ पोराच्या झोपायच्या खोलीतच. काम बंद करा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. घर त्यावर चालतं. विड्यांचं सूप सोप्यात गेलं, खोली ओल्या फडक्याने पुसायची ठरली.

पंपाला जोडायच्या नळकांड्याचा, म्हणजे स्पेसरचा, मास्क आजींनीच नातवाच्या तोंडाला लावला. एक दाब, मग सहा श्वास. रोज विड्या मोजणाऱ्या आजी श्वास मोजू लागल्या : "...पाच, सा. झालं रं बाळा, चूळ भर आता."

तीन महिन्यांनी खुणा दोन-चारच उरल्या. "आता बंद करू?" आजींनी विचारलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, म्हटलं. आणि कालनिर्णयच्या पाठीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दिलं : बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, धापेनं बोलता-पिता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर धापेचा पंप देत देत लगेच दवाखाना गाठा.