वाचकांचे प्रश्न : फौजदारी न्यायव्यवस्थेत इंटर्नशिप

प्रश्न : मी बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला मानसशास्त्र शिकते. अभ्यासक्रमातले १२० तासांचे ऑन जॉब ट्रेनिंग मला पोलीस, न्यायालय किंवा कारागृह यांपैकी कोठेतरी करायचे आहे. पोलीस ठाण्यात विचारले तेव्हा ‘वरून पत्र आणा’ असे सांगण्यात आले. मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. मला संधी मिळेल का? — एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : मिळू शकेल, मात्र पोलीस ठाण्यापासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. परवानगीसाठी पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात जावे लागते आणि ती मिळाली तरी तपासाची कागदपत्रे बाहेरच्या व्यक्तीला दाखवता येत नसल्यामुळे शिकण्यासारखे फारसे हाती लागत नाही.

त्यापेक्षा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो आणि ती व्यवस्था हे कार्यालय पाहते. अनेक जिल्ह्यांत आता लोक अभिरक्षक कार्यालयही सुरू झाले आहे. तेथील वकील केवळ आरोपींच्या बचावाचे काम करतात. विद्यार्थ्याला करता येईल असे खरे काम येथे आहे. उदाहरणार्थ, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम ४७९ नुसार, फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या (खटल्याचा निकाल न लागलेल्या) कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल आणि त्याच्यावर दुसरा खटला प्रलंबित नसेल, तर त्याला बंधपत्रावर (हजर राहण्याच्या लेखी हमीवर) सोडण्याची तरतूद आहे. असे कैदी शोधायचे म्हणजे अटकेची तारीख, कलम आणि कमाल शिक्षा यांचा मेळ घालत एकेक नाव तपासावे लागते. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण कायदा कागदावरून माणसापर्यंत कसा पोहोचतो, किंवा पोहोचतच नाही, हे त्यातून जितके कळते तितके पोलिसांच्या गाडीत बसून कळणार नाही.

मानसशास्त्राच्या दृष्टीने परिविक्षा अधिकाऱ्याचे (प्रोबेशन ऑफिसरचे) कामही तुम्हाला जवळचे वाटेल. विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकाचे घर, शाळा आणि संगत यांची माहिती घेऊन बाल न्याय मंडळासाठी सामाजिक तपासणी अहवाल तयार करणे हा त्या कामाचा एक भाग आहे. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. मात्र तुमच्या महाविद्यालयीन अहवालात त्या मुलाचे नाव, गाव किंवा शाळा येता कामा नये. अशा बालकाची ओळख प्रसिद्ध करणे हा बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे.

कारागृहाची परवानगी पुण्याच्या मुख्यालयापर्यंत जाते, त्यामुळे तेथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेमार्फत जाणे सोपे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करत आहे.

अर्ज प्राचार्यांच्या सहीच्या पत्रासह, प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे करावा. त्यात कालावधी, रोजचे तास, मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव आणि गोपनीयतेची हमी असावी. आवक विभागात पत्र देऊन पोच घ्यावी. ईमेलवर विसंबून राहू नये. महाविद्यालयाला मे महिन्यात सुट्टी असते आणि तेव्हाच न्यायालयांनाही उन्हाळी सुट्टी लागते, हे लक्षात घेऊन तारखा ठरवाव्यात. उत्तर येईपर्यंत सत्र न्यायालयात जाऊन बसा. बंद दालनात चालणारे खटले सोडले तर फौजदारी न्यायालय सर्वांसाठी खुले असते, त्यामुळे कोणाच्या शिफारसीची गरज पडत नाही. दिवसाचा बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) पाहावा आणि साक्षीपुरावा सुरू असलेला एखादा खटला निवडावा.

प्रश्न : मी तीन वर्षांच्या एलएल. बी.ला आहे. एकाच फौजदारी वकिलांकडे सलग तीन महिने इंटर्नशिप केली तर चालेल का? — एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एकूण किमान १२ आठवडे, तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी २० आठवडे आवश्यक आहेत; पण कोणत्याही वर्षात सलग चार आठवड्यांहून अधिक काळ धरला जात नाही. त्यामुळे दरवर्षी चार आठवडे, अशी विभागणी करावी लागेल. कनिष्ठ न्यायालयात खटले चालवणारे आणि अपील चालवणारे अशा दोन्ही प्रकारच्या वकिलांकडे किमान एकदा काम केलेले असावे, अशीही अट आहे. पैसे घेऊन घरबसल्या प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहा आणि रोजच्या कामाची नोंदवही ठेवून तिच्यावर वकिलांची सही घेत जा.