पेपरच्या टेबलाशेजारी एक सतरंजी

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी अकरा महिन्यांची. नवरा दिवसभर वावरात. स्वयंपाकाच्या वेळी मुलाला मोबाइल द्यावा लागतो, काढून घेतला की आकांत. गावात सार्वजनिक वाचनालय आहे. तिथे लेकरांना न्यावं म्हटलं, तर सचिव म्हणाले, "पोरं पुस्तकं फाडतात, गोंधळ करतात." सासूबाई म्हणतात, "वाचता येत नाई त्याले, तिथं जाऊन काय करते पोट्टं?" खरं सांगू का, मलाच घराबाहेर तासभर बसायचं आहे. चुकतंय का माझं?

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. काहीही चुकत नाही. दोन लहान लेकरं, चूल, धुणं, आणि दिवसभर बोलायला बरोबरीचं कोणी नाही. अशा वेळी आठवड्यातून एकदा चार जणींत जाऊन बसणं ही तुमची गरज आहे. 'मुलासाठी जाते' म्हणून ती झाकू नका.

सासूबाईंचा प्रश्नही रास्त आहे. वाचता न येणारं पोर पान उलटतं, चित्रावर बोट ठेवतं, 'हे काय?' विचारतं. घरात दिवसभर 'ये, जेव, नको करू' हेच शब्द फिरतात. गोष्टीत मगर येते, राजवाडा येतो, रुसवा येतो. मोबाइलमधलं चित्र त्याच्या प्रश्नासाठी थांबत नाही, मांडीवर घेऊन वाचणारं माणूस थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलेलं प्रमाण असं : दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नाही, आणि बसून राहायच्या वेळेत मोठ्यांनी गोष्ट वाचावी, सांगावी. म्हणजे सासूबाई सांगतात त्या गोष्टीही यात आल्या.

आता सचिव. शासनमान्य वाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालतात, अनुदान घेतात, आणि ती सगळ्या गावाची असतात. तरीही कायदा पुढे करून जाऊ नका. लहान गावातला ग्रंथपाल तुटपुंज्या पैशात काम करतो आणि फाटलेल्या पुस्तकाचा जाब त्यालाच द्यावा लागतो. त्याची भीती खरी आहे. एका पानाचा अर्ज द्या : आठवड्यातून एक दिवस, एक तास, दहा मुलं, प्रत्येकासोबत घरचं एक मोठं माणूस, दोन महिने करून बघू. सतरंजी आम्ही अंथरू, झाडून आम्ही जाऊ, फाटलेलं पान आम्ही चिकटवू. (चिकटवायला सेलोटेप वापरू नका. ती वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते, गोंद बाहेर येतो आणि पानं एकमेकांना धरतात. मैद्याची पातळ खळ आणि पतंगाच्या कागदाची पट्टी बरी.) पेपर वाचणारे सकाळी येत असतील तर तुम्ही संध्याकाळ मागा. बाजाराचा दिवस टाळा. उन्हाळ्यात टिनाखाली दुपारी थांबवत नाही, तेव्हा सकाळी आठ.

तासाचं सांगते, कारण बहुतेक ठिकाणी बिघडतं ते इथेच. पहिली पंधरा मिनिटं नुसतं खेळणं. लाकडी बैल, चिंध्यांचा चेंडू, स्टीलच्या वाट्या पुरतात. बाटलीची झाकणं, मणी, बटणं, घड्याळाचे सेल काहीही नको, तुमच्या मुलीच्या वयाचं लेकरू ते सरळ तोंडात घालतं. मग एक गाणं, टाळ्यांचं. मग गोष्ट, पाच ते सात मिनिटांची. त्याहून लांबली की तीन वर्षांची मुलं उठतातच. त्यात वळणाचा काही दोष नाही. उठून उड्या मारायचं गाणं, मग दुसरी, आणखी छोटी गोष्ट. उरलेला वेळ पुस्तकं मुलांच्या हातात.

वाचणारीने पाटावर बसावं, मुलांनी खाली. खिडकी वाचणारीच्या पाठीशी नको. मुलांच्या डोळ्यांवर उजेड येतो आणि चित्र काळं दिसतं. पुस्तक खांद्याजवळ, पान मुलांकडे. त्यासाठी गोष्ट आदल्या दिवशी दोनदा वाचून ठेवावी लागते. चित्र लहान असेल तर मुलं पुढे सरकतात आणि मागची रडतात, म्हणून दहापेक्षा जास्त मुलं नकोत. गोष्ट अशी निवडा की एक वाक्य परत परत येईल. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा पुन्हा पुन्हा दार वाजवतो, आतून दरवेळी 'थांब' येतं. तिसऱ्या वेळेला सगळी पोरंच 'थांब' ओरडतात. संपल्यावर 'काय शिकलास?' मात्र विचारू नका. तो प्रश्न आला की तास शाळेचा होतो आणि पुढच्या आठवड्यात मुलं कमी येतात.

सासूबाईंना दुसरी गोष्ट सांगायला बोलवा, वऱ्हाडीतच. शेजारच्या बंजारा तांड्यावरची एखादी आजी त्यांच्या गोरमाटी बोलीत सांगेल तर तिलाही. भुलाबाईची खिरापत ओळखायचा खेळ शेवटी ठेवला तर मुलं थांबतात, फक्त डब्यात फुटाणे-शेंगदाणे नकोत, लहानांच्या घशात अडकतात. केळं किंवा शिरा चालेल.

तुमच्या विसाव्याचं आधीच ठरवा, नाहीतर तो राहून जाईल. एक जण वाचेल, दोघी मुलांकडे बघतील, बाकीच्या बसतील, पाळी दर आठवड्याला बदलेल. कोपऱ्यात साडीचा आडोसा बांधा, अंगावर पाजणाऱ्यांसाठी. कापूस वेचणीच्या दिवसांत दोनच मुलं आली तरी तास बंद करू नका. एकदा बंद पडलेला तास पुन्हा उभा करणं अवघड जातं. आणि घरी बसूनही दोन आठवडे सतत रडू येत असेल, झोप लागत नसेल, तर आशाताईला सांगा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे.

मोबाइल एकदम सुटणार नाही. वाचनालयातून एक पुस्तक घरी न्या, स्वयंपाकाला लागायच्या आधी दहा मिनिटं तेच वाचा, मग ते त्याच्या हातात देऊन चुलीशी बसवा. तेच पुस्तक वीस दिवस मागेल, देत राहा.

सुरुवात तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात करा. तेव्हा प्रत्येक घरी लाकडी बैल असतोच. ज्याने त्याने आपापला घेऊन यायचा, म्हणजे पहिल्या दिवसाची खेळणी विकत आणावी लागणार नाहीत.