आतल्या खोलीतील पीसीवरचे गेम हॉलमधील जुन्या लॅपटॉपवर न अडखळता खेळता येतील का?

होय, खेळता येतील, कारण घरातल्या घरात गेम स्ट्रीम करण्याच्या पद्धतीत गेम प्रत्यक्षात पीसीवरच चालतो. त्याचे ग्राफिक्स कार्ड प्रत्येक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक चित्र, एच.२६४ किंवा एचईव्हीसी या व्हिडिओ स्वरूपात संकुचित करून पाठवते आणि लॅपटॉपला ती उलगडून दाखवणे व आपण दाबलेली बटणे पीसीपर्यंत पोहोचवणे एवढेच काम उरते. दोन्हीकडे स्टीम हे गेम विकत घेण्याचे व खेळण्याचे ॲप असल्यास एकाच खात्याने लॉग इन करून त्यातली रिमोट प्ले ही स्ट्रीमिंगची सोय सुरू करावी. स्टीमबाहेरच्या गेमसाठी पीसीवर चित्र पाठवणारे सनशाइन आणि लॅपटॉपवर ते दाखवणारे मूनलाइट ही मोफत, मुक्तस्रोत ॲपची जोडी मला अधिक योग्य वाटते.

अडचण बहुधा वाय-फायची असते, इंटरनेट योजनेच्या वेगाची नव्हे, कारण हा सगळा प्रवाह घरातल्या राउटरमधूनच जातो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर शेजाऱ्यांची राउटर, ब्लूटूथ, अगदी मायक्रोवेव्हसुद्धा अडथळा आणत असल्यामुळे काही फ्रेम उशिरा पोहोचतात. म्हणून निदान पीसी तरी लॅन केबलने राउटरला जोडावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. १०८०पी चित्रासाठी सुमारे २० एमबीपीएस पुरेसे असल्याने साधी १०० एमबीपीएसची जोडणीही चालते. लॅपटॉपला केबल शक्य नसेल, तर ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय वापरावे. एवढे करूनही चित्र अडखळले, तर लॅपटॉपवरील हार्डवेअर डीकोडिंग (व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपकडे देणारी सोय) सुरू आहे का ते तपासावे आणि फार जुन्या लॅपटॉपवर एचईव्हीसीऐवजी एच.२६४ निवडावे.