देव सोबत आहे, तरीही एकटे का वाटते?

“देव माझ्याबरोबर आहे असे मी मानतो, तरीही मला इतके एकटे का वाटते? माझा विश्वास कमी पडतो आहे का?” समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या ख्रिस्ती श्रद्धाळूंकडून जे प्रश्न मी वारंवार ऐकते, त्यांत हा बहुधा पहिला आहे. नोकरीसाठी घर सोडलेला तरुण तो विचारतो, जोडीदार गमावलेले वृद्ध विचारतात, भरल्या घरात राहणारी गृहिणी विचारते, आणि एकदा तर स्वतः पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, असलेल्या एका गृहस्थांनी आवाज खाली आणून तो विचारला होता. यांतल्या प्रत्येकाची समजूत अशी होती की असा विचार फक्त आपल्याच मनात येतो. त्यासाठीच एका समुपदेशनाची हकिगत येथे मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि ज्यांची ही गोष्ट आहे त्यांच्या संमतीनेच ती लिहिली आहे.

पन्नाशीकडे झुकलेल्या या बाई अविवाहित होत्या. वडील लवकर गेले, भावंडे आपापल्या संसारात दूर गेली आणि आईच्या दीर्घ आजारपणाची सगळी जबाबदारी त्यांच्यावर आली. ती त्यांनी मनापासून पार पाडली. आई गेल्यावर पहिले काही आठवडे लोकांची ये-जा होती, पुढे ती थांबली. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी अश्रू ढाळले नाहीत. अहवाल वाचून दाखवावा तशा त्या बोलत होत्या.

“संध्याकाळी कुलूप उघडते ना मॅडम, तेव्हा आतून काहीच आवाज येत नाही. तेवढ्या एका क्षणाची मला दिवसभर धास्ती वाटते.”

“हे तुम्ही कुणाला सांगितलंत?”

“चर्चच्या मंडळीतल्या एका ज्येष्ठ सभासदांना एकदा सांगितलं. ते म्हणाले, प्रभू आहे ना तुमच्यासोबत, मग एकटं वाटायचं कारणच काय? खरंच आहे त्यांचं. त्यानंतर मी हा विषय कुणाकडेच काढला नाही.”

असा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, तरी त्याने होणारी इजा खोल असते. एकटेपणाचे दुःख आधीच असते, त्यावर अपराधीपणाची भर पडते, आणि माणूस जिथे आधार मिळायला हवा त्याच ठिकाणी तोंड मिटून बसायला शिकतो. म्हणून माझ्या कामाची सुरुवात बहुतेक वेळा हे ओझे उतरवण्यापासून होते. त्या बाईंना मी बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाची आठवण करून दिली. “मनुष्य एकटा असावा हे बरे नाही,” असे देव म्हणतो तेव्हा जगात पाप आलेले नाही. आदाम बागेत आहे, देवाच्या सान्निध्यात आहे, आणि तरीही खुद्द देवच त्याचे एकटे असणे बरे नाही असे ठरवतो. माणसाला माणूस लागतो ही आपल्या घडणीतली गोष्ट आहे आणि ती घडण देवाने केलेली आहे. माणसांची ओढ वाटणे म्हणजे देवाला अपुरे ठरवणे, हा समज पवित्र शास्त्राच्या दुसऱ्याच अध्यायात टिकत नाही.

येथे थोडे विषयांतर करते. हे दुःख केवळ श्रद्धावानांचे किंवा केवळ वृद्धांचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने 2025 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि त्याचे प्रमाण तरुणांतही मोठे आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी 1973 मध्ये एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एकात अगदी जिवाभावाच्या माणसाची उणीव असते, तर दुसऱ्यात ज्या समूहात आपली जागा आहे असा समूहच नसतो. एक उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही. आईच्या मृत्यूने या बाईंच्या आयुष्यात पहिली पोकळी निर्माण केली होती. दुसरी मात्र कित्येक वर्षांपासून होती आणि आईच्या सेवेच्या धावपळीत ती त्यांना जाणवली नव्हती.

सुरुवातीच्या भेटींत आम्ही आध्यात्मिक असे फारसे काही बोललो नाही. त्या किती झोपतात, जेवतात का, शेवटची आरोग्य तपासणी कधी झाली, हे मी विचारले. रात्री उशिरापर्यंत जागरण आणि जेवण उभ्याउभ्याच, असे उत्तर आले. “प्रार्थनेबद्दल नाही का विचारणार?” असे त्यांनी जरा आश्चर्याने विचारले, तेव्हा मी त्यांना एलीयाची आठवण दिली. ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळालेला हा संदेष्टा एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत भाकर आणि पाणी देतो, त्याला पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो, आणि मगच त्याचा प्रवास सुरू होतो. “मी एकटाच उरलो आहे” या त्याच्या तक्रारीला उत्तर मिळते ते त्याही नंतर, होरेब डोंगरावर. तेथे देव त्याला सांगतो की बआल या परक्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले सात हजार अजून आहेत, आणि शिवाय अलीशा नावाचा प्रत्यक्ष एक सोबती दाखवून देतो. थकलेल्या, उपाशी शरीराला एकटेपणा अधिक झोंबतो, हे मी रोज पाहते. मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर मी विलंब न लावता डॉक्टरांकडे पाठवते. औषध घेणे हा विश्वासाचा पराभव आहे असे जे म्हणतात, त्यांनी एलीयाची ही गोष्ट पुन्हा सावकाश वाचावी. या बाईंना औषधाची गरज पडली नाही, पण तपासणी आम्ही करून घेतली.

मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतले 88 वे स्तोत्र आले. मी त्यांना ते मोठ्याने वाचायला सांगितले. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटाकडे आशेच्या दिशेने वळतात, हे मात्र वळत नाही. सोबती दूर झाले आहेत, उरला आहे तो अंधार, असे म्हणून ते संपते. त्या थांबल्या आणि पान उलटून पुढे आणखी ओळी आहेत का हे पाहू लागल्या.

“एवढंच? असं बोललेलं देवाला चालतं?”

“त्याने ते आपल्या शास्त्रात ठेवलं आहे.”

त्या दिवशी त्या प्रथमच रडल्या. मी मध्ये बोलले नाही. देवापुढे सभ्य राहण्याची सवय लागलेल्या माणसाला तक्रार करण्याची मुभा मिळते, तेव्हा देवाशी असलेले नाते जिवंत होऊ लागते, असा माझा ठाम अनुभव आहे. वधस्तंभावरून येशूने उच्चारलेली आरोळीसुद्धा 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ होती: “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” ख्रिस्ती माणसाची आशा एकटेपणाला वळसा घालून जात नाही. ज्याच्यावर आपण विश्वास ठेवतो तो स्वतः त्यातून गेलेला आहे, म्हणून त्याच्यापुढे हे दुःख समजावून सांगावे लागत नाही.

पण “मंडळीत मला कुणी विचारत नाही” हे वाक्य प्रत्येक भेटीत येतच होते. एकदा मी त्यांना रविवारची सकाळ अगदी बारकाईने सांगायला लावली. कुठे बसता, शेजारी कोण असते, उपासना संपल्यावर काय होते? तेव्हा कळले की त्या सर्वांच्या आधी पोहोचून गीतांची पुस्तके बाकांवर मांडतात, मागच्या रांगेत दाराजवळची जागा घेतात आणि शेवटचे गीत सुरू झाले की त्याच्या अखेरच्या कडव्याला पर्स उचलून बाहेर पडतात. उपासनेच्या अखेरचा आशीर्वाद होण्याच्या आधीच.

“आशीर्वादाला का थांबत नाही?”

बराच वेळ गेला. “त्यानंतर सगळे घोळके करून उभे राहतात. त्या घोळक्यांमधून एकटीने वाट काढत जायचं, आणि कुणी हाक मारली नाही तर... त्यापेक्षा आधीच गेलेलं बरं.”

एकटेपणा मनाला पहारेकरी बनवतो. नाकारले जाण्याची चिन्हे ते आधीपासूनच शोधू लागते, कुणाच्या घाईत दुर्लक्ष पाहते आणि कुणाच्या शांततेत नकार, आणि मग जखम टाळण्यासाठी स्वतःच आधी माघार घेते. मानसशास्त्रज्ञ जॉन कासिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आढाव्यात असे दिसले की केवळ लोकांत मिसळण्याच्या संधी वाढवण्यापेक्षा, इतरांबद्दलच्या या भीतीयुक्त कल्पना बदलण्यावर भर देणारे उपाय अधिक परिणामकारक ठरतात. “जरा चार लोकांत जा” हा सल्ला का फसतो ते यावरून कळते. या बाई दर आठवड्याला चार लोकांतच जात होत्या. मात्र हे सगळे त्यांच्यावर ढकलून मंडळीला मोकळे सोडणे मला मान्य नाही. जी व्यक्ती आपली पुस्तके मांडून ठेवते ती आशीर्वादाला दिसत नाही, हे इतक्या वर्षांत एकाच्याही लक्षात येऊ नये, ही त्या मंडळीची उणीव होती.

ज्या भेटीत खरे वळण आले, तिची मला आजही आठवण येते. मी त्यांच्यासमोर प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय ठेवला आणि एवढेच सांगितले की पौल तुरुंगात आहे आणि अंत जवळ आला आहे हे त्याला माहीत आहे. तो काय काय मागतो ते शोधा. त्या बोट ठेवून वाचत गेल्या. देमास सोडून गेला. फक्त लूक जवळ आहे. मार्काला घेऊन ये. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तके आण, विशेषतः चर्मपत्रे. पुढे, पहिल्या जबाबाच्या वेळी कुणीही बाजूला उभे राहिले नाही, तरी प्रभू माझ्याजवळ उभा राहिला. आणि त्यानंतर पुन्हा, हिवाळ्यापूर्वी ये.

येथे त्यांचे बोट थांबले. त्यांनी काही ओळी मागे जाऊन पुन्हा वाचले.

“प्रभू जवळ उभा राहिला असं म्हणतो... आणि नंतरही ‘ये’ म्हणतो.”

“हो.”

“दोन्ही म्हणतो.”

मी गप्प राहिले. समुपदेशकाने अशा वेळी गप्प राहायला शिकावे. आपण शोधलेला अर्थ सांगून टाकण्याचा मोह मोठा असतो आणि तो आवरला तरच समोरच्याला स्वतःचा अर्थ सापडतो. काही वेळाने त्या म्हणाल्या, “मॅडम, मी सगळ्यांसाठी करते. पुस्तकं मांडते, आजाऱ्यांना भेटते. पण मी कुणाला ‘माझ्याकडे या’ असं म्हटल्याचं मला आठवतच नाही.”

सेवेने त्या सर्वांच्या उपयोगी पडत होत्या, पण त्यांना कशाची गरज आहे हे कुणालाच माहीत नव्हते. जो केवळ देतो आणि कधीच मागत नाही, त्याचा लोक आदर करतात, पण त्याच्या जवळ जाण्यासाठी त्यांना दार सापडत नाही. खुद्द येशूने गेथशेमाने बागेत पेत्र आणि जब्दीची दोन मुले या आपल्या शिष्यांना “माझ्याबरोबर जागे राहा” असे सांगितले होते. ते झोपी गेले हे खरे, परंतु मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. ख्रिस्ती सहवासाबद्दल माझी जी काही धारणा आहे ती येथेच येऊन पोहोचते: देवाची सोबत माणसाला माणसांच्या गरजेतून सोडवत नाही, ती गरज बोलून दाखवण्याचे धैर्य देते.

पुढची पायरी लहान ठेवली. आईचे कपाट अजून तसेच बंद होते. ते आवरायला एकीला बोलवायचे, एका दुपारपुरते, एवढेच ठरले. पहिल्या बाईंनी घरच्या अडचणीमुळे जमणार नाही असे कळवले. तेव्हा या बाई तडक माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “बघा, मी म्हटलंच होतं.” त्या एका नकाराचा अर्थ काय काय असू शकतो यावर आमची एक अख्खी भेट गेली, आणि ती वाया गेली असे मला वाटत नाही, कारण त्या भेटीच्या अखेरीस दुसरे नाव त्यांनी स्वतःच सुचवले. गीतमंडळातल्या एक विधवा बाई. त्या आल्या. कपाट अर्धेच आवरून झाले, कारण आईची शाल हातात घेऊन दोघी बराच वेळ बोलत बसल्या, आणि उरलेले आवरायला पुन्हा यावे लागले. त्यापुढच्या रविवारी या बाई आशीर्वादाला थांबल्या. कुलूप उघडतानाचा तो क्षण अजूनही जड जातो, असे त्या सांगतात, आणि त्या हे प्रामाणिकपणे सांगतात याचे मला समाधान आहे. आता आठवड्यातल्या एका संध्याकाळी त्या दोघी एकत्र स्तोत्रे वाचतात.

ज्यांना आपली गोष्ट हीच आहे असे वाटते, त्यांनी मोठ्या मैत्रीचा शोध घेण्याआधी एक लहान, ठरावीक वेळेची विनंती एका माणसाकडे करून पाहावी, आणि पहिला नकार आला तर दुसऱ्या नावाकडे वळावे. प्रार्थनेत देवापुढे खरे शब्द वापरावेत. सुचत नसतील तर विलापाची स्तोत्रे उसनी घ्यावीत. मंडळीतल्या ज्येष्ठांनी आणि पाळकांनी “प्रभू आहे ना” या वाक्यानंतर “मी गुरुवारी येतो” असे म्हणावे आणि गुरुवारी जावे. आणि ज्यांना बोलवण्यासाठी एकही नाव आठवत नाही, त्यांनी आपल्या पाळकांना फोन करून “माझ्यासाठी प्रार्थना करा” असे सांगताना त्याच फोनवर “आणि या आठवड्यात मला भेटायला या” असेही सांगावे.