ट्रूमन म्युझियममध्ये युद्धकाळ आणि निवृत्तीनंतरचं आयुष्य यांपैकी काय पाहावं?

अर्धाच दिवस हातात असेल तर दोन्ही पाहा, पण सुरुवात कोरियन युद्धाच्या दालनापासून करा. कोरियन युद्धाच्या वेळचे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांचं हे म्युझियम मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावात, कॅन्सस सिटीला लागूनच आहे.

अणुबॉम्बच्या निर्णयाबद्दल सगळ्यांनी वाचलेलं असतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते एक पत्र. कोरियात मुलगा गमावलेल्या एका बापाने त्याचं पर्पल हार्ट (युद्धात जखमी वा मृत झालेल्या अमेरिकी सैनिकांना मिळणारं) पदक ट्रूमन यांना परत पाठवलं. सोबत चार कडवट ओळी: मृत्यूला जबाबदार तुम्हीच, तेव्हा हे तुमच्याकडेच ठेवा. ट्रूमन यांनी ते फेकलं नाही. १९७२ मध्ये ते वारले, त्यानंतर पत्र आणि पदक त्यांच्या टेबलाच्या खणात सापडलं. 'जबाबदारी इथेच थांबते' अशा अर्थाची त्यांच्या टेबलावरची ती प्रसिद्ध पाटीही इथे आहे, पण माझ्या मते खरी पाटी तो खणच.

उत्तरायुष्यासाठी त्यांचं कार्यालय बघा. १९५७ मध्ये ही वास्तू उघडल्यावर माजी राष्ट्राध्यक्ष इथे रोज कामाला यायचे, कधी फोनही स्वतःच उचलायचे. ३० जुलै १९६५ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) कायद्यावर सही केली तीही इथेच, आणि पुढे पहिलं कार्ड ट्रूमन यांनाच मिळालं. अंगणात ट्रूमन यांची आणि त्यांच्या पत्नी बेस यांची समाधी आहे.

ओव्हल ऑफिसची (व्हाइट हाउसमधल्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाची) प्रतिकृती फोटोपुरती ठीक. राहतं घर वेगळ्या ठिकाणी आहे, त्याची वेळ आधी बघून घ्या.